थंड हवेचा हट्ट

परवा सकाळी डबे भरत होते, तेवढ्यात विरारहून ताईचा फोन. आवाज रडवेला. ‘‘तूच समजाव आता त्याला. पंच्याऐंशी हजार रुपये घालायला निघालाय त्या गाडीच्या नळ्यांत!’’

नळ्या म्हटल्यावर मला आधी वाटलं, बाथरूमचं काम काढलं की काय! मग कळलं, माझ्या भाच्याने दोन वर्षांपूर्वी जी जुनी गाडी घेतली, तिच्याबद्दल चाललंय. ऑक्टाव्हिया आरएस, 2006 चं मॉडेल. आपल्या औरंगाबादजवळच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. 2004 साली ती आपल्याकडे आली तेव्हा 1.8 लिटरचं, दीडशे अश्वशक्तीचं टर्बो पेट्रोल इंजिन असलेली अशी घरगुती गाडी आपल्या रस्त्यांवर अपूर्वाईची होती. ही सगळी माहिती अर्थातच भाच्याकडून. मी मराठी साहित्य घेऊन बीए झालेली बाई. माझा गाड्यांशी संबंध मागच्या सीटवर बसण्यापुरता.

संस्थेच्या कामामुळे नात्यागोत्यात ‘हिला सांगा, ही समजावते’ असं माझं नाव झालंय. दारू, सासू, सून, बारावीला नापास, काहीही असो, फोन मला येतो. पण समजवायचं तर आधी आपल्याला समजायला हवं ना? म्हणून भाच्याला म्हटलं, ‘‘अरे, मला ने तुझ्या गॅरेजला. मी बघते काय ते.’’ तो बघतच राहिला. ‘‘मावशी, तुला काय कळणार त्यातलं?’’ या वाक्याची मला पंचवीस वर्षांची सवय आहे. गेले.

सातिवलीच्या गाळ्यांमधलं गॅरेज. उस्ताद माणूस चांगला होता, पण बोलायचा फक्त भाच्याशी. मी प्रश्न विचारला की उत्तर भाच्याकडे बघून द्यायचा. तिसऱ्या प्रश्नानंतर मात्र माझ्याकडे बघू लागला, कारण तिसरा प्रश्न साबणाच्या पाण्याचा होता.

गाडीचं दुखणं असं होतं. मनोरच्या पुढे मेंढवण खिंडीत चढावर ती ओढत नव्हती, पुढून शिट्टीसारखा आवाज यायचा आणि पेट्रोल जास्त लागायचं. उस्तादने नळ्यांमध्ये हवेचा दाब भरला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एका रबरी वळणावर बुडबुडे! मी म्हटलं, ‘‘हे तर आम्ही गॅसच्या नळीला करतो.’’ तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

मैत्रिणींनो, मला जसं समजलं तसं सांगते. धुराड्यातून जो धूर वाया जातो, त्याच्या जोरावर टर्बो एक छोटंसं चाक फिरवतो, मिनिटाला लाखाच्या वर फेरे! त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चाक असतं, ते बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जळतं आणि ताकदही जास्त मिळते. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरने 1905 साली याचं पेटंट घेतलं. पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं ना, तेच हे. आमच्या वसईच्या मे महिन्यातली पस्तीस अंशांची हवा टर्बोमधून बाहेर पडेपर्यंत शंभर अंशांच्या आसपास जाते. आणि गरम हवा विरळ असते. तेवढ्याच जागेत प्राणवायू कमी मावतो, शिवाय सिलिंडरमधलं मिश्रण वेळेआधीच पेटू बघतं. इंजिन आतून ठोकायला लागतं. गाडीचा कॉम्प्युटर ते ओळखतो आणि स्वतःच ताकद कमी करतो.

म्हणून मध्ये इंटरकूलर. दिसायला रेडिएटरसारखा, पण आतून पाण्याऐवजी ती दाबलेली हवा जाते आणि बाहेरून वारा लागतो. आपण चहा बशीत का ओततो? पसरला की निवतो म्हणून. इंटरकूलर म्हणजे हवेची बशी, एवढंच! टर्बोपासून बशीपर्यंत एक गरम नळी, बशीपासून इंजिनापर्यंत एक थंड नळी. भाच्याच्या गाडीतली गरम बाजूची नळी फाटली होती. जवळपास वीस वर्षांचं रबर, त्यावर रोजचं तेल आणि ताप. दोष कोणाला देणार? किती हवा आली ते आधी मोजून त्या हिशेबाने पेट्रोल सोडलं जातं. मोजलेली हवा वाटेत गळाली तर पेट्रोल जास्त पडणार, जळणार मात्र अर्धवट. म्हणजे ताईला वाटत होतं ती चैन नव्हती, गळती होती. घरात नळ गळत असता तर तिने प्लंबर बोलावलाच असता की!

इथपर्यंत मी भाच्याच्या बाजूने. पण पंच्याऐंशी हजारांत फक्त नळी नव्हती. यादीत होता पुढच्या बंपरमागे बसणारा भला मोठा इंटरकूलर, अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत पाइप, सिलिकॉनचे जोड आणि शेवटी ‘रीमॅप’, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला शिकवायचं की हवा आणखी दाब. त्या गाडीत मूळ इंटरकूलर छोटा आहे आणि पुढच्या चाकाजवळ कोपऱ्यात बसवलेला. ट्रॅफिकमध्ये तो तापून बसतो आणि मग थंड करायचं कामच विसरतो, असं उस्ताद म्हणाला. ते मला पटलं. वर्सोवा पुलाच्या कोंडीत तासभर अडकलं की आपलंही तेच होतं.

पण मोठं म्हणजे चांगलं, हे मला पटेना. मी विचारलं, ‘‘पुढे एवढी मोठी जाळी लावली तर मागच्या रेडिएटरला वारा कुठून मिळणार?’’ उस्ताद म्हणाला, ‘‘थोडा कमी मिळेल.’’ पाइप लांबला तर? ‘‘दाब भरायला थोडा उशीर.’’ आणि हे बसणार कसं? तेव्हा त्याने सहज सांगितलं, बंपरमागची पट्टी थोडी कापावी लागेल.

ती पट्टी म्हणजे काय, तर समोरून धडक बसली तर पहिला मार झेलणारी लोखंडी तुळई. भाचा गप्प. त्याला हे माहीत होतं! मला नव्हतं आणि ताईला तर मुळीच नव्हतं. माझं डोकं तिथे तापलं. मुलगा पैसे उधळतो म्हणून आपण रडतो, पण तो नक्की काय कापतोय हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

आमचा हायवे कोणाला सांगायला नको. 4 सप्टेंबर 2022 ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री गेले, ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. गाडी तर उत्तमातली उत्तम होती. बातम्यांत न येणारे अपघात तर मी कामामुळे बघतेच. नवरा गेल्यावर विम्याच्या कागदांची पिशवी घेऊन आमच्या दारात बसणाऱ्या बायका. त्यांतल्या एकीला गाडीत काय काय बदललं होतं ते विमा कंपनीच्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. त्या पत्रातलं इंग्रजी मी तिला मराठीत वाचून दाखवलं. पुन्हा तसं वाचायची माझी तयारी नाही, आणि ताईसाठी तर नाहीच.

कायदाही बघितला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कारखान्याने दिलेल्या मूळ नोंदीशी विसंगत असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. फाटलेली नळी बदलणं ही दुरुस्ती झाली. इंजिनाची ताकद वाढवणं ही दुरुस्ती नव्हे, मग गॅरेजवाला त्याला कितीही गोड नाव देवो.

भाच्याचं म्हणणं, सगळेच करतात. करत असतील. त्याचं दुसरं म्हणणं मात्र मला मान्य करावं लागलं. तो म्हणाला, ‘‘मावशी, मी रस्त्यावर पळवत नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर शर्यती झाल्या तेव्हा मी बघायला गेलो होतो. आमच्यासारख्यांना गाडी मोकळी सोडायला आहेच कुठे जागा?’’ खरं आहे. क्रिकेटला मैदान मागतो, तसं याला कोणी मागत नाही. नोएडा, चेन्नई, कोइम्बतूरला ट्रॅक आहेत, तिथवर जाणार कोण? या मुलांना शिव्या देणाऱ्यांनी, त्यात मीही आले, याचं उत्तर द्यायला हवं. माझ्याकडे अजून नाही.

एक पावसाचंही सांगते, कारण ते खास आपल्याकडचं आहे. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा कसं पाण्यात होतं ते आठवा. यादीत हवा ओढणारं तोंड खाली, बंपरमध्ये नेण्याचाही विचार होता, तिथे हवा थंड मिळते म्हणून! गुडघाभर पाण्यात ते तोंड पाणीच ओढणार. पाणी काही हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे इंजिनातले दांडे वाकतात, आणि असं इंजिन साध्या विम्यात सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळा जोडविमा घ्यावा लागतो. हे मी म्हटल्यावर उस्तादनेच यादीतली ती ओळ खोडली.

शेवटी ठरलं ते असं. दोन्ही नळ्या बदलायच्या, सिलिकॉनचे जोड आणि त्यांना चांगल्या स्टेनलेसच्या पट्ट्या. नायगावच्या मिठागरांवरून येणारा खारा वारा साध्या पट्ट्या दोन पावसाळ्यांत खातो. इंटरकूलर मूळ जागेतच, पण थोडा जाड आणि नवा, आणि बसवण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवून त्यांचं उत्तर घ्यायचं. बंपरमागच्या तुळईला हात नाही. रीमॅप नाही. उस्तादने हिशेब केला, एकतीस हजार.

ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘म्हणजे तूही त्याच्याच बाजूची झालीस!’’ एकतीस हजारसुद्धा तिला नळ्यांसाठी जास्तच वाटतात. तिला मी पुढच्या शनिवारी सातिवलीला घेऊन जाणार आहे. साबणाच्या पाण्याची बाटली तिच्याच हातात देणार.

नळ्या बसल्या आहेत. शिट्टी थांबली. रीमॅपचा विषय भाचा दर आठवड्याला काढतो, आणि मी दर आठवड्याला विमा कंपनीचं पत्र आलं का ते विचारते. तो म्हणतो, ‘‘मेल केलाय.’’ मी म्हटलं, उत्तर आलं की छापून आण, चष्मा लावून वाचेन.