भारतनेटचा हिशेब चालू तासांत हवा: दूरसंचार विभागाला खुले पत्र

प्रति,
सचिव, दूरसंचार विभाग,
भारत सरकार, संचार भवन, नवी दिल्ली

विषय : भारतनेट प्रकल्पाची रखडपट्टी, तिची कारणे आणि सुधारित कार्यक्रमाकडून अपेक्षा

महोदय,

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 ऑक्टोबर 2011 रोजी मंजुरी दिली. त्या वेळी योजनेचे नाव ‘नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क’ होते, खर्चाचा अंदाज सुमारे 20 हजार कोटी रुपये होता आणि मुदत दोन वर्षांची होती. 2015 मध्ये तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. 2017 मध्ये मंजूर खर्च 42,068 कोटींवर गेला, 2021 मध्ये 61,109 कोटींवर. 4 ऑगस्ट 2023 रोजी मंत्रिमंडळाने मान्य केलेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाची रक्कम 1,39,579 कोटी रुपये आहे. एवढ्या काळात केंद्रात सत्ता बदलली, योजनेचे नाव आणि आराखडा बदलला, कामाची यंत्रणा तर अनेकदा बदलली. काम झाले की नाही हे ठरवण्याची रीत मात्र जुनीच राहिली: किती किलोमीटर केबल टाकली आणि किती पंचायती ‘सेवेसाठी सज्ज’ झाल्या.

मूळ आराखड्यामागचा विचार काटकसरीचा होता. जिल्ह्यापासून तालुक्यापर्यंत बीएसएनएलची फायबर केबल आधीच होती. तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतचा तुटक भाग तेवढा नव्याने टाकायचा आणि प्रत्येक पंचायतीला 100 एमबीपीएस जोडणी द्यायची. पैसा सार्वत्रिक सेवा निधीतून, म्हणजे दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातून घेतल्या जाणाऱ्या 5 टक्के आकारणीतून येणार होता. दूरसंचार कायदा 2023 नुसार हाच निधी आता ‘डिजिटल भारत निधी’ झाला आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड ही स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली आणि प्रत्यक्ष काम बीएसएनएल, रेलटेल व पॉवरग्रिड या तीन सार्वजनिक कंपन्यांत वाटले गेले.

या काटकसरीत दोन दोष दडले होते. पहिला, नवी केबल जुन्या केबलच्या शेवटाला जोडली जाणार होती. जिल्हा ते तालुका हा टप्पा जीर्ण असेल, तर पुढची नवीकोरी केबलही निरुपयोगी ठरते. दुसरा, जाळ्याची रचना एकमार्गी होती. तालुक्याच्या एक्स्चेंजमधून निघालेली केबल वाटेत फाटे फुटत पंचायतींपर्यंत जाते. फांदी बुंध्याशी तुटली की तिच्यावरची सगळी पाने सुकावीत, तसे मुख्य केबल एका ठिकाणी तुटताच पलीकडच्या सर्व पंचायती बंद पडतात. रिंग रचनेत दुसऱ्या बाजूने वाट उरते; एकमार्गी रचनेत ती नसते.

2012 मध्ये राजस्थानातील अराईं, त्रिपुरातील पाणिसागर आणि आंध्र प्रदेशातील परवाडा या तीन गटांत प्रायोगिक काम झाले. पंचायतीपर्यंत शंभर एमबीपीएस नेता येते, हे त्यातून सिद्ध झाले. तिथे पोहोचलेल्या जोडणीचे गावाने काय करायचे, घराघरांत ती कोणी न्यायची, बिघडली तर दुरुस्तीला कोण येणार, हे प्रश्न मात्र पुढच्या टप्प्यावर ढकलले गेले. केबल टाकण्याच्या कामाला कंत्राट होते. रोजची सेवा चालवण्याला तेवढा पक्का धनी कधीच मिळाला नाही. नंतरच्या बहुतेक अडचणींचे मूळ इथे आहे.

राजकीय अडचणींत पहिली मुदतीची. मूळ मुदत 2013 मध्ये संपली. 2017 च्या सुधारित धोरणात उरलेल्या दीड लाख पंचायतींसाठी मार्च 2019 ही तारीख ठरली. तीही टळल्यावर 15 ऑगस्ट 2020 रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून सहा लाखांहून अधिक गावे एक हजार दिवसांत फायबरने जोडण्याची घोषणा केली. ते हजार दिवस मे 2023 मध्ये पूर्ण झाले. अडीच लाख पंचायतींचे काम अपुरे असताना उद्दिष्ट दुपटीहून अधिक वाढवले गेले. त्याच भाषणात 2014 पूर्वी केवळ पाच डझन पंचायती जोडल्या गेल्याचा उल्लेख होता. ही संख्या प्रायोगिक टप्प्यातील पंचायतींच्या जवळपास आहे, म्हणजे आधीच्या सरकारची दिरंगाई खरी होती. पण नंतरच्या सरकारने जाहीर केलेल्या तारखाही पाळल्या गेल्या नाहीत. तारीख आधी जाहीर होते आणि परवानग्या, साहित्य, मनुष्यबळ यांची जुळवाजुळव मागाहून होते, ही सवय दोन्ही राजवटींत सारखीच दिसते.

दुसरी अडचण केंद्र आणि राज्यांतील कामाच्या वाटणीची. 2017 च्या धोरणात महाराष्ट्र, गुजरात, छत्तीसगड, झारखंड, ओडिशा, आंध्र प्रदेश, तेलंगणा व तामिळनाडू या आठ राज्यांनी दुसरा टप्पा, म्हणजे उरलेल्या पंचायतींचे काम, स्वतः राबवायचे ठरवले. महाराष्ट्रात हे काम महाआयटी या राज्य सरकारच्या कंपनीकडे ‘महानेट’ नावाने आले. तेलंगणाने मिशन भगीरथच्या जलवाहिन्यांसाठी खोदलेल्या चरांतूनच फायबरची नळी नेली. आंध्र प्रदेशाने विजेच्या खांबांवरून केबल ओढली. केरळने तर भारतनेटखेरीज वीज मंडळाच्या खांबांच्या आधारे ‘केफॉन’ हे स्वतःचे जाळे उभारले आणि जून 2023 मध्ये सुरू केले. तामिळनाडूत मात्र निविदेच्या अटींविषयी तक्रारी झाल्या, केंद्राने हस्तक्षेप केला आणि 2020 मध्ये निविदा रद्द होऊन सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागले. राज्यांना मोकळीक देणे चुकीचे नव्हते. पण एकाच राज्यात पहिल्या टप्प्याच्या पंचायती केंद्राच्या कंपनीकडे आणि दुसऱ्या टप्प्याच्या राज्याच्या कंपनीकडे राहिल्या. शेजारच्या दोन तालुक्यांत बिघाडाची तक्रार दोन वेगळ्या दारांत नेण्याची वेळ त्यामुळे आली.

तिसरी अडचण खासगी भागीदारीची. जून 2021 मध्ये सोळा राज्यांतील काम नऊ पॅकेजमध्ये खासगी कंपन्यांना देण्याचे ठरले आणि तूट भरून काढण्यासाठी 19,041 कोटी रुपये मंजूर झाले. एकही कंपनी पुढे आली नाही आणि निविदा गुंडाळावी लागली. कारण उघड होते. दुसऱ्याने टाकलेली, कुठे कशी आहे याची खात्री नसलेली केबल ताब्यात घ्यायची, ती दीर्घकाळ चालू ठेवायची आणि गावातील अनिश्चित उत्पन्नावर गुंतवणूक वसूल करायची, असा तो व्यवहार होता. जुलै 2022 मध्ये भारत ब्रॉडबँड नेटवर्क कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करण्यास मंजुरी मिळाली. स्वतंत्र कंपनीच्या प्रयोगाचा असा दहा वर्षांत शेवट झाला.

प्रत्यक्ष जागेवरच्या अडचणी याहून साध्या आणि चिवट आहेत. राज्यांशी झालेल्या त्रिपक्षीय करारांमुळे रस्त्याकडेने केबल नेण्याचे शुल्क माफ झाले, पण परवानगीची गरज संपली नाही. एकाच मार्गावर राष्ट्रीय महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, वनविभाग आणि रेल्वे यांच्या हद्दी येतात. त्यातील एका ठिकाणी फाईल अडली की शंभर मीटरच्या तुकड्यासाठी अख्खा मार्ग थांबतो. मार्गाधिकाराचे नियम 2016 मध्ये आले, राज्यांनी ते आपापल्या गतीने स्वीकारले. नव्या कायद्याखालील नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाले. टाकलेली केबल टिकवणे हे त्याहून अवघड. रस्त्याचे रुंदीकरण, गटाराचे काम, जलजीवन मिशनची जलवाहिनी, जे काही सुरू होईल त्याच्या जेसीबीखाली फायबर सापडते. खोदण्यापूर्वी सूचना देण्यासाठी मार्च 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आले. गल्लीतल्या उपकंत्राटदाराने ते वापरले नाही, तर तुटलेली केबल जोडण्याचा खर्च त्याच्याकडून वसूल होईलच, याची तजवीज मात्र जागेवर दिसत नाही.

केबल शाबूत असली तरी शेवटचा टप्पा पंचायत कार्यालयातच अडतो. वीजबिल थकले की वीज तोडली जाते, बॅटरी निकामी होते, यंत्र कुलूपबंद खोलीत राहते. आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा संगणक परिचालक मग मोबाइलचा हॉटस्पॉट लावून दाखले काढतो. देखभालीची जबाबदारीही फिरत राहिली: आधी बीएसएनएल, मग काही काळ सामायिक सेवा केंद्रांची कंपनी, पुन्हा बीएसएनएल. प्रत्येक हस्तांतरणात जुन्या बिघाडांचे उत्तरदायित्व हवेत विरले.

या सगळ्याचा परिणाम वापराच्या आकड्यांत दिसतो. 2025 च्या सुरुवातीच्या सरकारी माहितीनुसार सुमारे 2.14 लाख पंचायती सेवेसाठी सज्ज होत्या आणि सुमारे 6.9 लाख किलोमीटर केबल टाकून झाली होती. त्यावरून घरांना दिलेल्या फायबर जोडण्या मात्र साधारण 12 लाख होत्या, म्हणजे पंचायतीमागे सरासरी सहासुद्धा नाहीत. दरम्यान 2016 नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि गावाने इंटरनेटची गरज त्यावर भागवली. म्हणून फायबरची गरज संपली असे नाही. मोबाइल मनोऱ्यांनाही फायबर लागते, आणि शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा बँकेची शाखा यांना भरवशाची जोडणी मोबाइलवर मिळत नाही.

धोरण मध्येच बदलण्याची किंमत इतरांनीही मोजली आहे. ऑस्ट्रेलियाने 2009 मध्ये 90 टक्के घरांपर्यंत थेट फायबर नेण्याचे ठरवले. 2013 मध्ये सत्तांतर झाल्यावर खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी जुन्या तांब्याच्या तारा आणि टीव्हीच्या केबल वापरण्याचा निर्णय झाला. 2020 मध्ये त्याच पक्षांच्या सरकारला लाखो घरांपर्यंत पुन्हा फायबर नेण्यासाठी नवा खर्च जाहीर करावा लागला. तिथे वाद तंत्रज्ञानाचा होता, भारतात जबाबदारीचा आहे. पण सुरुवातीची काटकसर अंती महाग पडली, हे दोन्हीकडे सारखेच.

2023 च्या सुधारित कार्यक्रमाने यातील काही दोष ओळखले आहेत. तालुका ते पंचायत रिंग रचना, नवी राउटर-आधारित यंत्रणा, दहा वर्षांची देखभाल एकाच कंत्राटात, सेवेच्या दर्जाशी जोडलेले देयक, 2.64 लाख पंचायतींशिवाय मागणीनुसार 3.8 लाख गावे, स्थानिक उद्योजकांमार्फत दीड कोटी घरगुती जोडण्या, ही त्याची मुख्य अंगे. दिशा योग्य आहे. तरीही जानेवारी 2025 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियान 2.0 मध्ये 2030 साठी ठेवलेले उद्दिष्ट 95 टक्के वेळ सेवा चालू राहण्याचे आहे. उरलेले पाच टक्के म्हणजे वर्षाला अठरा दिवस. ते दिवस कोणत्या गावाच्या वाट्याला आले, हे गावाला कळण्याची सोय असली पाहिजे.

म्हणून विभागाने पुढील गोष्टी कराव्यात. ‘सेवेसाठी सज्ज’ हा निकष रद्द करून प्रत्येक पंचायतीची जोडणी महिन्यात किती तास चालू होती, त्यावर किती ग्राहक होते आणि किती डेटा वापरला गेला, ही माहिती दरमहा सार्वजनिक करावी; जाळ्याच्या नियंत्रण यंत्रणेत ती आपोआप नोंदली जाते. टप्पा पहिला असो वा दुसरा, केंद्राचा असो वा राज्याचा, तालुक्यासाठी तक्रारीचे दार एकच ठेवावे. खोदाईच्या प्रत्येक सरकारी कंत्राटात फायबर दुरुस्तीची अनामत रक्कम बंधनकारक करण्यासाठी राज्यांशी करार करावा. पंचायतीतील यंत्राची वीज, बॅटरी आणि जागा यांचा खर्च देखभालीच्या कंत्राटातच धरावा. बीएसएनएल या कार्यक्रमाची व्यवस्थापकही आहे आणि सेवा विकणारीही. त्यामुळे दर्जाची तपासणी तिच्याबाहेरच्या यंत्रणेकडे द्यावी. आणि नवी तारीख जाहीर करण्यापूर्वी त्या मार्गावरील परवानग्या हातात आहेत की नाहीत, हे संसदेसमोर ठेवावे.

डिजिटल भारत निधीचा पैसा देशातील प्रत्येक फोन ग्राहकाच्या बिलातून येतो. त्याचा हिशेब गावात जोडणी किती तास चालली, यातच द्यायला हवा. पंचायतनिहाय चालू तासांची पहिली यादी विभागाने याच आर्थिक वर्षात प्रसिद्ध करावी, ही विनंती.

कळावे.