विश्लेषण : औषध आहे, डॉक्टर आहेत, पण ट्रक नाही… युद्धभूमीत बालपोषण अधिकारी नेमके काय करतात?

सुदानच्या दार्फूर भागातील झमझम या विस्थापितांच्या छावणीत ऑक्टोबर २०२४मध्ये सुमारे ५ हजार कुपोषित बालकांवरील उपचार थांबवावे लागले. त्यातील २,९०० बालके अतितीव्र कुपोषित होती. आजार काय आहे हे माहीत होते, उपचार माहीत होते आणि उपचार करणारे कर्मचारीही छावणीत होते. छावणीपर्यंत पोहोचत नव्हता तो फक्त माल. युद्ध आणि दुष्काळाच्या बातम्यांत ‘इतकी मुले कुपोषित’ असा आकडा आपण वाचतो. तो आकडा कोण काढते, त्यानंतर काय केले जाते आणि हे काम कुठे अडते, याचा आढावा…

बालपोषण अधिकारी म्हणजे कोण?

युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम, ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ (एमएसएफ), ‘सेव्ह द चिल्ड्रन’, ‘अॅक्शन अगेन्स्ट हंगर’ अशा संस्थांमध्ये आरोग्य व पोषण अधिकारी हे पद असते. नावावरून हे अधिकारी अन्न वाटत असतील असे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या कामाचे चार भाग असतात. कुपोषित मुले शोधणे, त्यांना उपचारात दाखल करणे, उपचाराचा साठा संपू न देणे आणि या सगळ्याची नोंद ठेवणे. गोवराची लस, ‘अ’ जीवनसत्त्व, जुलाबावर ओआरएस व झिंक आणि स्तनदा मातांना मार्गदर्शन ही कामेही त्याला जोडूनच येतात. कारण छावणीत मूल बहुतेक वेळा केवळ भुकेने दगावत नाही. भुकेने अशक्त झालेल्या शरीराला साधा जुलाब, न्यूमोनिया किंवा गोवरही झेपत नाही. युनिसेफच्या म्हणण्यानुसार अतितीव्र कुपोषित मुलाच्या मृत्यूचा धोका सुदृढ मुलाच्या तुलनेत ११ पटींपर्यंत असतो.

कुपोषण मोजतात कसे?

मुख्य साधन म्हणजे दंडाचा घेर मोजण्याची रंगीत फीत. आपल्याकडे अंगणवाडी सेविकांकडे असते तीच. ६ महिने ते ५ वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा मध्यभागी घेर घेतला जातो. घेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर लाल रंग, म्हणजे मूल अतितीव्र कुपोषित (सॅम). ११५ ते १२५च्या आत असेल तर पिवळा रंग, म्हणजे मध्यम तीव्र कुपोषित (मॅम). त्यापुढे हिरवा. दोन्ही पायांवर अंगठा दाबून खड्डा राहतो का, हेही पाहतात. तशी सूज असेल तर फीत काहीही सांगो, मूल अतितीव्र कुपोषित धरले जाते. याशिवाय उंचीच्या तुलनेत वजन पाहण्याचा निकष आहेच. पण वजनकाटा आणि उंचीची फळी घेऊन पळापळीत फिरता येत नाही. फीत खिशात मावते आणि आईलाही वापरायला शिकवता येते.

संपूर्ण भागाचे चित्र हवे असेल तर नमुना सर्वेक्षण होते. त्यात अधिकाऱ्याची खरी परीक्षा असते ती आकड्यांच्या शुद्धतेची. मोजणाऱ्याने कंटाळून ११५, १२०, १२५ असे गोल आकडे लिहायला सुरुवात केली की, शेवटच्या अंकात ० आणि ५ वाजवीपेक्षा जास्त दिसू लागतात. संगणकावर ही तपासणी लगेच होते आणि सर्वेक्षणाचा दर्जा घसरतो. इथे २-३ मिलिमीटरच्या चुकीने मूल उपचाराच्या यादीतून बाहेर पडू शकते.

उपाशी मुलाला पोटभर जेवण का देत नाहीत?

कारण ते जिवावर बेतू शकते. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीराने आपला वेग कमी केलेला असतो. हृदय, यकृत, मूत्रपिंड कमी ताकदीवर चालत असतात. अशा वेळी एकदम भरपूर अन्न दिले तर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून हृदय बंद पडू शकते. म्हणून सर्वप्रथम भूक चाचणी होते. मुलाला पोषक पेस्टचे पाकीट देऊन ते आपणहून खाते का, हे पाहतात. खाल्ले आणि ताप, न्यूमोनिया यांसारखी गुंतागुंत नसेल तर मूल घरीच राहते आणि ठरावीक दिवसांनी, बहुधा आठवड्याने, तपासणीला येते. खाल्ले नाही तर रुग्णालयात दाखल करतात. तिथे आधी ‘एफ-७५’ हे कमी ताकदीचे दूध दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे दिले जाते. १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी, म्हणून हे नाव. मूल स्थिरावले की ‘एफ-१००’ किंवा पेस्टकडे नेतात.

६ महिन्यांखालच्या बाळांसाठी भर असतो स्तनपानावर. संकटकाळात दूध पावडरचे डबे दान म्हणून येतात. पण पाणी अशुद्ध आणि बाटली उकळायला इंधन नाही अशा ठिकाणी तोच डबा जुलाबाचे कारण ठरतो. असे दान नाकारणे हेही या अधिकाऱ्याचे काम आहे आणि ते अनेकदा रोष ओढवून घेणारे असते.

त्या पाकिटात काय असते?

शेंगदाणा पेस्ट, दूध पावडर, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे-खनिजे. १९९०च्या दशकात फ्रान्समध्ये आंद्रे ब्रिआँ आणि मिशेल लेस्कान यांनी हे सूत्र तयार केले. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात सुमारे ५०० किलोकॅलरी असतात. पाणी मिसळावे लागत नाही, शिजवावे लागत नाही, शीतपेटी लागत नाही. त्यामुळे जंतूंची वाढही सहज होत नाही. त्याआधी अशा प्रत्येक मुलाला अनेक आठवडे रुग्णालयात ठेवावे लागे आणि खाटा अपुऱ्या पडत. पाकिटामुळे बहुतांश मुलांवर घरी उपचार शक्य झाले.

एका मुलाच्या सहा ते आठ आठवड्यांच्या उपचाराला साधारण १५० पाकिटांचा एक खोका लागतो. पाकिटांचे वजन होते १४ किलोच्या आसपास. झमझममधील २,९०० अतितीव्र कुपोषित मुलांचा हिशेब केला तर सुमारे ४० टन. म्हणजे मोजके तीन-चार ट्रक. प्रश्न औषधशास्त्राचा नाही, रस्त्याचा आहे, तो असा.

मग झमझममध्ये काय घडले?

सुदानचे लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ (आरएसएफ) हे निमलष्करी दल यांच्यात १५ एप्रिल २०२३ रोजी युद्ध सुरू झाले. अल फाशर शहराजवळच्या झमझम छावणीत लाखो लोक जमा झाले. एमएसएफने मार्च-एप्रिल २०२४मध्ये तिथे ४६ हजारांहून अधिक मुलांची तपासणी केली. ३० टक्के तीव्र कुपोषित निघाली, त्यात ८ टक्के अतितीव्र. १ ऑगस्ट २०२४ रोजी अन्नसुरक्षेचे वर्गीकरण करणाऱ्या ‘आयपीसी’ यंत्रणेच्या तज्ज्ञ समितीने झमझममध्ये दुष्काळ असल्याचा निष्कर्ष काढला.

चाडमधून दार्फूरला येणारा आद्रे येथील मार्ग सुदान सरकारने फेब्रुवारी २०२४मध्ये बंद केला होता, तो ऑगस्टमध्ये उघडला. पण आतल्या रस्त्यांवर आरएसएफने मदतीचे ट्रक अडवले. ऑक्टोबरमध्ये उपचार थांबले ते यामुळे. एप्रिल २०२५मध्ये आरएसएफने छावणीवर हल्ला करून ताबा घेतला. त्या हल्ल्यात ‘रिलीफ इंटरनॅशनल’ या संस्थेचे तेथील दवाखान्यातील ९ कर्मचारी मारले गेले. जून २०२५मध्ये अल फाशरकडे निघालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या १५ ट्रकच्या ताफ्यावर अल कोमा येथे हल्ला झाला आणि ५ जणांचा जीव गेला. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी अल फाशर पडले. दुसऱ्या दिवशी तिथून तवीला येथे पोहोचलेल्या ५ वर्षांखालील ७० मुलांना एमएसएफने तपासले. सगळी तीव्र कुपोषित होती. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आयपीसीने अल फाशर आणि कादुगली या दोन्ही शहरांत दुष्काळ असल्याचे जाहीर केले.

दुष्काळाची घोषणा उशिरा का होते?

आयपीसीच्या निकषांनुसार तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. २० टक्के कुटुंबांना अन्नाची टोकाची टंचाई, उंचीच्या तुलनेत वजनाच्या निकषावर ३० टक्के मुले तीव्र कुपोषित आणि दर १० हजार लोकांमागे रोज किमान २ मृत्यू. यातील तिसरा निकष वाचला तरी लक्षात येते की, घोषणा होते तेव्हा लोक आधीच मरत असतात. २०११मध्ये सोमालियात २० जुलै रोजी दुष्काळ जाहीर झाला. नंतरच्या अभ्यासानुसार त्या संकटात सुमारे २ लाख ५८ हजार लोक दगावले, त्यातील निम्म्याहून अधिक ५ वर्षांखालील मुले होती. एकूण मृत्यूंपैकी निम्म्याच्या आसपास घोषणेआधीच झाले होते.

शिवाय हा आकडा राजकीयही असतो. सुदान सरकारने झमझमबाबतचा निष्कर्ष फेटाळला आणि डिसेंबर २०२४मध्ये आयपीसीमधील सहभागच स्थगित केला. गाझामध्ये २२ ऑगस्ट २०२५ रोजी दुष्काळाचा निष्कर्ष आला, तो इस्रायलने अमान्य केला. म्हणूनच फीत नीट लावणे, तारीख-ठिकाण अचूक लिहिणे ही कारकुनी कामे राहत नाहीत. पुढे तोच पुरावा ठरतो.

निधी आटल्यावर काय होते?

युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना व जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २०२४मध्ये जगात ५ वर्षांखालील ४ कोटी २८ लाख मुले तीव्र कुपोषित होती, त्यातील १ कोटी २२ लाख अतितीव्र. या उपचारांना आजवर मोठा आधार अमेरिकेचा होता. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि १ जुलै २०२५ रोजी ‘यूएसएड’चे काम अधिकृतपणे संपले.

जमिनीवर याचा अर्थ असा होतो की, अधिकाऱ्याला साठा आणि यादी यांची सांगड घालावी लागते. पाकिटे कमी असतील तर आधी ११५च्या खालची मुले, बाकीची नंतर. ज्याचा दंड आज ११८ आहे, त्याच्या आईला ‘पुढच्या आठवड्यात या’ सांगायचे. पुढच्या आठवड्यात तो ११३ असू शकतो. तेव्हा उपचार अधिक दिवस चालतो, पाकिटे अधिक लागतात आणि धोकाही वाढलेला असतो. आज वाचवलेला माल उद्या दुप्पट जातो, हे समोर दिसत असूनही दुसरा पर्याय नसतो.

भारताचा याच्याशी काय संबंध?

एक मोठा धागा १९७१चा आहे. बांगलादेश युद्धावेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये कॉलराची साथ आली. सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचे पाणी तोंडावाटे देण्याचा निर्णय घेतला. मृत्युदर ३० टक्क्यांच्या आसपास होता, तो ४ टक्क्यांखाली आला. ओआरएसची ताकद जगाला दिसली ती त्या छावणीत. २०२३मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

दुसरा धागा घरचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील २५.६ टक्के मुले उंचीच्या तुलनेत कमी वजनाची आढळली, १०.९ टक्के अतितीव्र गटात. सॅम-मॅम, ग्राम बाल विकास केंद्र, पोषण पुनर्वसन केंद्र हे शब्द मेळघाट, नंदुरबार, पालघरमध्ये रोजचे आहेत. फरक असा की, तयार पाकिटांबाबत भारताने वेगळी भूमिका घेतली. ऑगस्ट २०१७मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून अशा पाकिटांच्या वापराबाबत सावध केले. स्थानिक ताजा आहार, कंपन्यांवरचे अवलंबित्व हे मुद्दे त्यामागे होते. जिथे चूल, शेत आणि अंगणवाडी शाबूत आहे तिथे हा युक्तिवाद लागू पडतो. झमझममध्ये यातले काहीच उरले नव्हते.

या क्षेत्रात यायचे तर?

पोषणशास्त्र, परिचर्या, वैद्यक किंवा सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण आणि प्रत्यक्ष फील्डवरचा अनुभव सहसा मागितला जातो. अरबी किंवा फ्रेंच येत असेल तर उपयोग होतो. साठ्याचे गणित आणि माहितीचे विश्लेषण येणाऱ्यांनाही यात जागा आहे. मात्र जोखीम वाढली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या माहितीनुसार २०२४मध्ये जगभरात ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, तोवरचा हा उच्चांक. त्यातील बहुतेक परदेशी नव्हते, त्याच देशाचे नागरिक होते. झमझममध्ये मारले गेलेले ९ जणही तेथीलच होते.

यशाचे मोजमाप कसे होते?

‘स्फिअर’ या आंतरराष्ट्रीय मानकांनुसार उपचार केंद्रातून बाहेर पडलेल्या मुलांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक बरी झालेली असावीत, मृत्यू १० टक्क्यांहून कमी आणि मध्येच उपचार सोडणारी १५ टक्क्यांहून कमी असावीत. शांत भागात हे गाठता येते. युद्धात अडचण येते ती तिसऱ्या आकड्यात. मूल तपासणीला आले नाही, म्हणजे कुटुंब पळून गेले, रस्ता बंद झाला की मूल दगावले, हे नोंदवहीतून कळत नाही. तिथे फक्त ‘गैरहजर’ अशी नोंद होते. त्यामुळे यापुढे कुपोषणाचा आकडा वाचताना सोबत आणखी एक प्रश्न विचारायला हवा : तिथवर जाणारा रस्ता कोणाच्या ताब्यात आहे?