बरणीतला कोळी आणि त्याची चिठ्ठी

पहिला पाऊस झाला म्हणजे जमिनीतील बिळे भिजतात आणि त्यांत राहणारे मोठे केसाळ कोळी बाहेर दिसू लागतात. त्यांतील बरेचसे मादीच्या शोधात निघालेले नर असतात. असा कोळी उसाच्या सरीत किंवा विहिरीच्या काठावर आढळला, की पाहणाऱ्याचा हात प्रथम खोऱ्याकडे जातो. अलीकडे दुसरीही एक रीत रूढ होत आहे. एखादा धीट तरुण त्याला लोणच्याच्या रिकाम्या बरणीत कोंडतो, त्याचे छायाचित्र काढून इतरांना धाडतो, आणि तासाभरात त्या प्राण्यास एक भारदस्त नाव प्राप्त होते. हे नाव बहुधा चुकीचे असते. खोऱ्याच्या घावापेक्षा बरणी बरी, यात शंका नाही. परंतु बरणीचा उपयोग कशासाठी करावयाचा, हे ठरविल्यावाचून कोळी कोंडणे हा केवळ पोरखेळ होय.

नावाची ही घाई का चुकते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे. केसाळ आणि मोठा एवढ्यावरून कोळी टॅरँटुला ठरत नाही. घराच्या भिंतीवर रात्री झुरळे टिपणारा चपटा कोळी पाय बाजूला पसरून बसतो व त्याची मादी अंड्यांची चपटी पिशवी पोटाखाली धरून हिंडते. शेतात जमिनीवर धावणारा लांडगा-कोळी हीच पिशवी मागे चिकटवून ओढतो आणि पिले निघाल्यावर पाठीवर वागवितो. हे दोन्ही शेतकऱ्याचे साहाय्यक आहेत. टॅरँटुलाचे सुळे वरून खाली, कुदळीसारखे, एकमेकांस समांतर येतात. इतर बहुतेक कोळ्यांचे सुळे चिमट्याप्रमाणे आडवे मिटतात. टॅरँटुलाचे आठही डोळे डोक्यावरील एका लहानशा उंचवट्यावर दाटीने असतात. बरणीच्या काचेतून भिंगाने एवढे पाहता आले, तरी निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे काम मात्र शेतावर होत नाही. कोळ्याची जात निश्चित ठरते ती पूर्ण वाढलेल्या प्राण्याच्या जननांगांवरून. नराच्या बाबतीत तोंडाजवळील स्पर्शपादाच्या टोकाचा अवयव पाहावा लागतो, मादीच्या बाबतीत पोटातील शुक्रकोश. अपुऱ्या वाढीच्या पिलावर ही चिन्हे नसतात. म्हणून पिलाचे छायाचित्र पाहून जात सांगणाऱ्यावर विसंबू नये, मग तो कितीही शिकलेला असो.

पिलू वाढवून पाहणे हाच कोळी बाळगण्याचा योग्य हेतू होय. त्यासाठी रुंद तोंडाची बरणी, झाकणास बारीक छिद्रे आणि तळाशी चार बोटे ओलसर माती पुरते. झाडावर राहणारा असेल, तर सालीचा तुकडा उभा ठेवावा. एका बरणीत दोन कोळी कदापि ठेवू नयेत. सकाळी एकच शिल्लक राहील. आठवड्यातून एकदोन वेळा रातकिडा किंवा झुरळ द्यावे; भक्ष्य कोळ्याच्या पोटापेक्षा लहान असावे आणि औषध फवारलेल्या शेतातील नसावे. उथळ झाकणात पाणी असावे. बरणी उन्हात ठेवल्यास कोळी एका दुपारीत मरतो.

कोळी कधी अन्न सोडतो आणि एके दिवशी पाय वर करून उताणा पडलेला दिसतो. मेला असे समजून त्याला उकिरड्यावर फेकले जाते. वस्तुतः तो कात टाकीत असतो. अशा वेळी त्याला हात लावू नये व बरणीत जिवंत भक्ष्य राहू देऊ नये, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडाच कुरतडतो. पडलेली कातही जपून ठेवावी. टॅरँटुलाच्या मादीच्या कातेत शुक्रकोशाचे अस्तर उतरलेले असते. तेवढ्यावरून नर-मादी कळते आणि जात ठरविण्यास साहाय्य होते. प्राण्याला मारावेही लागत नाही.

कोळी कोठे सापडला याची नोंद मात्र याहूनही मोलाची. आंध्रातील गुत्ती येथे रेल्वेच्या लाकडाच्या वखारीत निळसर झळाळीचा एकच कोळी मिळाला, त्यावरून पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९९ साली 'पेसिलोथेरिया मेटॅलिका' ही जात वर्णिली. पुढे शंभर वर्षे तो दिसला नाही. २००१ साली तो नंद्याल आणि गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या जंगलात आढळला. गुत्तीस तो लाकडांबरोबर आला असावा. डाळजच्या तीन गावांना ही गोष्ट विशेष लागू पडते. पुणे-सोलापूर महामार्ग जवळून जातो आणि मालमोटारी या भागात थांबतात. कोळी मळ्यात सापडला की लाकडाच्या, केळीच्या गाडीत, हे विचारल्याखेरीज 'डाळजचा कोळी' असे लिहू नये. आपल्याकडील सर्व कोळी केव्हाच नोंदले गेले आहेत, हा समजही खोटा आहे. ठाणे परिसरातील एका इवल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याचे वर्णन २०२१ साली झाले आणि त्याला हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ 'आयसियस तुकारामी' असे नाव देण्यात आले.

चुकीच्या ओळखीची किंमत माणसालाही द्यावी लागते. २०१२ साली आसामातील सदिया भागात केसाळ कोळ्यांच्या दंशाची भीती पसरली व दोन मृत्यूंचा दोष कोळ्यांना दिला गेला. त्या रोग्यांच्या जखमा मांत्रिकांनी पात्याने चिरल्या होत्या, असे त्या वेळच्या वृत्तांत आहे. मृत्यू विषानेच झाला हे सिद्ध झाले नाही. भारतीय टॅरँटुलाचा दंश वेदनादायक असतो आणि काही जातींच्या दंशाने स्नायूंना दिवसेंदिवस पेटके येतात. चावा साबणाने धुवावा, थंड पाण्याची घडी ठेवावी आणि प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. चिरा देऊ नयेत, दोरी आवळू नये. सर्पदंशाची लस येथे निरुपयोगी आहे. बिळात कीटकनाशक ओतण्याची प्रथाही सोडावी. ते विष त्या मातीतच मुरते.

कोळी विकत घेऊ पाहणारा कोणी गावात आला, तर त्यास दाराबाहेरच ठेवावे. 'पेसिलोथेरिया' वंशातील झाडावरचे कोळी २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रण कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियमातील २०२२ ची सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली असून अशा परिशिष्टांतील प्राणी जिवंत बाळगल्यास नोंदणी करावी लागते. म्हणून झाडाच्या ढोलीत मिळालेला, पायांवर ठळक पट्टे असलेला मोठा कोळी बरणीत घालूच नये. त्याचे वरून छायाचित्र घ्यावे, आणि तो काचेवर किंवा सालीवर असता पायांची खालची बाजू दिसेल असे दुसरे घ्यावे, कारण या वंशातील जाती पायांच्या खालच्या बाजूच्या रंगांवरून ओळखतात.

इतर कोळी मेलेला आढळल्यास सत्तर-ऐंशी टक्के अल्कोहोलात ठेवावा. आत कागदाची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहावी. शाई विरघळून जाते. चिठ्ठीवर गाव, गट, तारीख, बीळ की झाड, पीक कोणते, नुकतीच फवारणी झाली होती काय, आणि कोणाच्या नजरेस पडला, एवढे असावे. कुपी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी किंवा पुण्यास आकुर्डी येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या केंद्राकडे पाठवावी. जिवंत कोळी सोडावयाचा असेल, तर दिवस मावळल्यावर, जेथून उचलला त्याच बांधावर सोडावा.