पडद्यावरचा लिलाव, पडद्याआडची बोली

बारामतीच्या बाजारात गुळाच्या ढेपांचा सौदा निघे, तेव्हा आडत्याच्या पेढीवर नव्याने बसलेल्या मुलाला हिशेबाच्या आधी एक गोष्ट शिकावी लागे. ती म्हणजे बोलीचा आकडा ऐकण्यापूर्वी बोली लावणाऱ्याचे तोंड पाहणे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊस उभा राहिला, उसापाठोपाठ गुऱ्हाळे आली आणि गुऱ्हाळांपाठोपाठ व्यापार वाढला. कोणता खरेदीदार माल खरोखर उचलणार, कोणता नुसता भाव चढवून पाय काढणार आणि कोणते दोघे आधीच संगनमत करून आले आहेत, हे मुरलेला व्यापारी नजरेने ओळखी. ढेप फोडून, चुरा जिभेवर ठेवून मालाची पारख होई. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जुनी रीत मोडून उघड लिलाव आला, तोही याच कारणासाठी. बोली चारचौघांत झाली की लबाडीला जागा कमी उरते.

आज त्याच घरांतील पुढची पिढी मोबाईलच्या पडद्यावर लिलाव पाहते. जुनी मोटार, बंद पडलेल्या कारखान्याचे यंत्र, बँकेने ताब्यात घेतलेला गाळा, आजोबांच्या तिजोरीतील नाणी, सारेच तेथे बोलीवर चढते. मात्र तेथे बोली लावणाऱ्याचे तोंड दिसत नाही आणि ढेप फोडून पाहता येत नाही. लबाडीचे प्रकार जुनेच आहेत. त्यांचा वेश तेवढा नवा आहे. तो वेश ओळखण्याची नजर मात्र घरच्या वडीलधाऱ्यांनी व तरुणांनी मिळूनच कमवावी लागेल.

ऑनलाईन लिलावाचा प्रवास फार जुना नाही. अमेरिकेत १९९५ साली ‘ईबे’ सुरू झाली. भारतात २००० साली ‘बाझी’ हे संकेतस्थळ निघाले. २००४ साली ते ईबेने विकत घेतले आणि २०१८ साली ईबेचे भारतातील दुकान बंद झाले. पुढे ठरलेल्या किमतीची विक्री वाढली. तरीही लिलाव संपले नाहीत. बँकांच्या जप्त मालमत्ता, सरकारी भंगार, वापरलेली वाहने आणि शेतमाल यांचे लिलाव आज संगणकावरच होतात. शेतमालासाठी केंद्र सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी ‘ई-नाम’ ही व्यवस्था सुरू केली. म्हणजे व्यापारी घराला ऑनलाईन बोलीशी संबंध टाळता येणार नाही.

या क्षेत्रातील एक प्रकरण मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे. मे २००० मध्ये अमेरिकेतील केनेथ वॉल्टन नावाच्या वकिलाने ईबेवर एक अमूर्त चित्र विक्रीस ठेवले. घरातील अडगळ म्हणून ते त्याने भोळेपणाचा आव आणून मांडले. नामांकित चित्रकार रिचर्ड डीबेनकॉर्न यांची आद्याक्षरे वाटावीत अशी अक्षरे मात्र चित्राच्या कोपऱ्यात होती. पंचवीस सेंटपासून सुरू झालेली बोली १,३५,८०५ डॉलरवर गेली. विक्रेत्याने स्वतःच्याच मालावर बोली लावल्याचे आढळले आणि ईबेने सौदा रद्द केला. तपासात दिसले की वॉल्टन व त्याचे दोन साथीदार खोट्या माहितीवर उघडलेल्या चाळीसहून अधिक नावांनी एकमेकांच्या मालावर बोली लावीत होते. पुढे वॉल्टनने न्यायालयात गुन्हा कबूल केला. चित्र खोटे होतेच, पण ग्राहकाला भुलविले ते बोलीच्या गर्दीने. इतके जण मागे लागले आहेत म्हणजे वस्तू मोलाचीच असणार, हा मनुष्यस्वभाव लबाडाचे भांडवल ठरला.

भारतीय कायदा याबाबत फार पूर्वीपासून स्पष्ट आहे. १९३० च्या वस्तुविक्री कायद्याचे कलम ६४ लिलावासंबंधी आहे. विक्रेत्याने बोली लावण्याचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर त्याने स्वतः किंवा दुसऱ्याकरवी बोली लावणे बेकायदेशीर ठरते आणि खरेदीदार ती विक्री कपटाची मानू शकतो. भाव चढविण्यासाठी खोटी बोली लावली असेल, तर सौदा रद्द करण्याचा अधिकार खरेदीदाराला मिळतो.

खोटी बोली ओळखावी कशी? बोलीचा इतिहास दाखविणाऱ्या संकेतस्थळांवर काही खुणा तपासता येतात.

पहिली खूण म्हणजे तेच ते बोलीदार. एकाच विक्रेत्याच्या अनेक लिलावांत तीच नावे पुन्हा पुन्हा दिसत असतील, आणि ती अन्य कोणाच्या मालावर फारशी फिरकत नसतील, तर संशय घ्यावा.

दुसरी खूण म्हणजे कधीही न जिंकणारा उत्साही बोलीदार. तो लिलावाच्या सुरुवातीस थोड्या थोड्या रकमेने भाव वर नेतो आणि शेवटच्या घटकेस गप्प होतो. खऱ्या गरजूची चाल बहुधा याच्या उलट असते.

तिसरी खूण चाचपणीची. अनेक ठिकाणी ग्राहक आपली कमाल रक्कम गुप्तपणे नोंदवितो आणि यंत्रणा त्याच्या वतीने आवश्यक तेवढीच बोली वाढवीत जाते. बनावट बोलीदार पायरी पायरीने वर चढून ही कमाल रक्कम शोधतो व ती ओलांडली गेली की आपली बोली मागे घेतो. मागे घेतलेल्या बोलींची नोंद दिसत असेल तर ती अवश्य पाहावी.

चौथी खूण लिलावानंतरची. ‘पहिल्या ग्राहकाने माघार घेतली, आपल्या बोलीला माल देतो’ असा निरोप येतो. कधी तो खराही असतो. पण तीच वस्तू पुनःपुन्हा लिलावात येत असेल, किंवा पैसे संकेतस्थळाबाहेर पाठविण्यास सांगितले जात असेल, तर सौदा तेथेच सोडावा.

अप्रामाणिक विक्रेत्याच्या खुणाही अशाच ठरावीक असतात. नावापुढे शेकडो चांगले अभिप्राय असतात. पण उघडून पाहिले तर ते वीस-पंचवीस रुपयांच्या किरकोळ वस्तूंचे निघतात आणि आता एकाएकी लाखाचे यंत्र विक्रीस असते. छायाचित्र दुसरीकडून उचललेले असते. तेच चित्र गूगलवर शोधले की मूळ जागा बहुधा सापडते. यंत्राचा अनुक्रमांक, वाहनाच्या नोंदणीचे कागद, मालाचे वजन यांविषयी विचारले की उत्तर मोघम येते. ‘आजच पैसे पाठवा, दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ ही घाई तर जगभरच्या ठकांची सारखीच भाषा होय.

आपणच विक्रेते असतानाही फसवणूक होते. ‘पैसे स्वीकारण्यासाठी’ म्हणून क्यूआर कोड पाठविला जातो आणि यूपीआयचा पिन विचारला जातो. पिन केवळ पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीही लागत नाही. एवढे एक वाक्य घरातील प्रत्येकाने पाठ करावे.

जुन्या नाण्या-नोटांचा मोह व्यापारी घरांत विशेष असतो, कारण तिजोरीत त्या असतातच. एका नोटेला लाखो रुपये मिळतील असे सांगून आधी कमिशन वा कर भरावयास लावणाऱ्या टोळ्या सुळसुळल्या, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सूचना काढली. आपण अशा व्यवहारांत पडत नाही, कोणतेही शुल्क मागत नाही आणि तसा अधिकारही कोणास दिलेला नाही, असे बँकेने स्पष्ट केले. याच संदर्भात आणखी एक सावधगिरी हवी. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती वा नाणे आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखित पोथी १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. तिचा व्यापार परवान्याविना करता येत नाही आणि ती खासगी व्यक्तीला परदेशी पाठविता येत नाही. घरातील प्राचीन प्रतिमा किंवा पोथी ‘जुनी वस्तू’ म्हणून पडद्यावर टाकण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

आता बँकांच्या लिलावाकडे वळू. समजा, इंदापूरच्या एका व्यापाऱ्याला गोदामासाठी गाळा हवा आहे. त्याच्या मोबाईलवर स्वस्त मालमत्तेची जाहिरात येते आणि बँकेचा अधिकारी म्हणविणारा मनुष्य अनामत आपल्या यूपीआयवर मागतो. येथे नियम उपयोगी पडतो. सरफेसी कायद्याखालील विक्रीची सूचना वृत्तपत्रांत, त्यांतील एका स्थानिक भाषेच्या पत्रात, प्रसिद्ध करावी लागते. सरकारी बँकांच्या अशा मालमत्ता ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर जानेवारी २०२५ पासून एकत्र दिसतात. अनामत कोठे भरावी हे सूचनेतच लिहिलेले असते. ती कोणाच्याही वैयक्तिक खात्यात जात नाही. म्हणून सूचना हाती घेऊन थेट शाखेत जावे आणि प्राधिकृत अधिकाऱ्याची भेट घ्यावी.

लिलाव खरा असला तरी विचार हवाच. बोली मंजूर होताच त्याच दिवशी, फार तर कामकाजाच्या दुसऱ्या दिवशी, अनामत धरून पंचवीस टक्के रक्कम भरावी लागते. उरलेली रक्कम साधारणतः विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत भरावयाची असते. ती न भरल्यास भरलेले पैसे जप्त होतात, आणि अशी जप्ती सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये योग्य ठरविली आहे. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर घेतलेल्या जागेची जुनी वीजथकबाकीही नव्या मालकाच्या अंगावर येऊ शकते, हे त्याच न्यायालयाच्या २०२३ च्या निकालावरून दिसते. सात-बारा, फेरफार, करपावत्या, वीजबिल आणि प्रत्यक्ष ताबा कोणाचा आहे, ही तपासणी बोलीच्या आधीची आहे. नंतर केलेल्या तपासणीला केवळ पश्चात्तापाचे मोल असते.

फसवणूक झालीच तर? व्यापारी घरात असे नुकसान बहुधा झाकले जाते. बाजारात हसे होईल, पेढीची पत जाईल, या भीतीने मुलगा वडिलांपासून लपवितो आणि वडील भावांपासून. लबाडाला हवे असते ते हेच मौन. त्या काळात पैसे एका खात्यातून दहा खात्यांत जातात. १९३० या क्रमांकावर पहिल्या काही तासांत तक्रार केली, तर रक्कम वाटेतच रोखली जाण्याची शक्यता असते. आपल्या बँकेला कळवावे, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर नोंद करावी, संभाषणे व पावत्या पुसू नयेत. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच देणे २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार बंधनकारक आहे. ग्राहक हेल्पलाईनचा क्रमांक १९१५ आहे.

शेवटी एक कडू प्रश्न घरातच विचारावयास हवा. पेढीवरचा तरुण स्वतःची जुनी मोटार लिलावास ठेवतो आणि ‘जरा भाव चढव’ म्हणून चुलतभावाला बोली लावावयास सांगतो. दोघांनाही यात गंमत वाटते. कलम ६४ च्या दृष्टीने मात्र हा वॉल्टनचाच मार्ग, फक्त आकडा लहान. किमान किंमत हवी असेल तर ती आधी जाहीर करून राखता येते. तो प्रामाणिक रस्ता कायद्याने मोकळाच ठेवला आहे. ज्या घराने गुळाच्या ढेपेखाली दगड ठेवून वजन वाढविले नाही, त्या घराने बोलीखालीही दगड ठेवू नये. पडद्यावर चेहरा दिसत नसला, तरी चोपडीत नाव घराचेच लिहिले जाते.