दार उघडण्याआधी

शनिवारी पुण्यात एका पालकसभेला गेले होते. येत्या ऑगस्टमध्ये शाळेच्या आदानप्रदान योजनेतून अमेरिकेला निघालेली मुलं, त्यांचे आईवडील आणि प्रत्येकाच्या हातात चार पानांचं टाचण. टाचणात ‘हे शब्द पाठ असू द्या’ या मथळ्याखाली पहिलाच शब्द होता ‘फ्रीझ’. पुढे मराठीत अर्थ : आहात तिथेच थांबा, हलू नका. माझ्या पुढच्या रांगेत बसलेल्या अकरावीच्या मुलीने तो वहीत उतरवून घेतला आणि त्याखाली पट्टी धरून दोन रेघा ओढल्या. मग बोलणाऱ्या गृहस्थांनी जपानी मुलाची गोष्ट सांगितली. हा एक शब्द कळला नाही म्हणून त्याचा जीव गेला, तेव्हा इंग्रजी पक्कं करून जा, असं त्यांनी बजावलं. मुलांनी माना डोलावल्या.

मी चार दिवस अस्वस्थ आहे. त्या जपानी मुलाविषयी, योशिहिरो हात्तोरीविषयी, या सदरात मी दोनदा लिहिलं आहे आणि दोन्ही वेळा वाचकांची पत्रं याच सुरात आली होती : बिचारा, त्याला इंग्रजी येत नव्हतं. तेहतीस-चौतीस वर्षांनंतरही आपण त्या मुलाचीच परीक्षा घेतो आहोत.

त्या संध्याकाळी नेमकं काय घडलं ते पुन्हा एकदा नीट पाहू. १७ ऑक्टोबर १९९२, शनिवार, लुइझियानातलं बॅटन रूज. नागोयाहून आलेला सोळा वर्षांचा हात्तोरी आणि त्याच्या यजमानांचा मुलगा हॅलोविनच्या पार्टीला निघाले होते. हात्तोरीने सिनेमातल्या जॉन ट्रॅव्होल्टासारखा पांढरा कोट घातला होता. घराच्या नंबरात साधर्म्य होतं, बाहेर हॅलोविनची सजावटही होती. दोघं चुकून दुसऱ्याच घरी गेले आणि त्यांनी बेल वाजवली. पुढचं दार कुणी उघडलं नाही. घरातल्या बाईने बाजूचं, गाडी लावण्याच्या जागेकडचं दार उघडलं, मुलांना पाहिलं, दार धाडकन लावून घेतलं आणि नवऱ्याला बंदूक आणायला सांगितलं. नवऱ्याने काय झालं, कोण आहे, काहीही विचारलं नाही. तो बेडरूममध्ये गेला आणि पिस्तूल घेऊन आला.

एवढ्या वेळात मुलं परत गाडीकडे निघाली होती. दार पुन्हा उघडलं, तेव्हा हात्तोरी हसत मागे वळला आणि आम्ही पार्टीला आलोय असं म्हणत त्या माणसाकडे चालू लागला. मग तो शब्द आला आणि पाठोपाठ गोळी. अंतर जेमतेम पाच फूट. रुग्णवाहिकेतच मुलगा गेला.

आता या सगळ्यात ‘फ्रीझ’ या शब्दाला जागा किती आहे? बेल वाजल्यापासून गोळी सुटेपर्यंत त्या घरातल्या दोन मोठ्या माणसांना ‘कोण आहे?’ एवढं विचारायला भरपूर अवधी होता. दार लावलेलं होतं. पोलिसांना फोन करता आला असता. खिडकीतून पाहिलं असतं तर दोन पोरं पाठ फिरवून चालली आहेत हे दिसलं असतं. विचार करायला मी थांबलेच नाही, थांबायला हवं होतं, अशा अर्थाचं ती बाई पुढे न्यायालयात बोलली. त्या साक्षीवर माझा विश्वास आहे. तिच्या तोंडून जे निघालं ते पालकसभेतल्या टाचणापेक्षा कितीतरी खरं आहे.

खटला मात्र चालला मुलाच्या चालण्यावर. तो फार विचित्र पद्धतीने हालचाल करत होता, कुणीही भला माणूस घाबरला असता, असा बचाव झाला. दारावर येणाऱ्या कुणालाही बंदूक हातात घेऊन सामोरं जाण्याचा हक्क आहे, असंही वकिलाने ज्यूरीपुढे मांडलं. मे १९९३ मध्ये बारा जणांच्या ज्यूरीने तीन-साडेतीन तासांत त्या माणसाला निर्दोष सोडलं.

आता याच्या शेजारी दुसरं प्रकरण ठेवा. मला ते या विषयातलं सगळ्यात बोलकं प्रकरण वाटतं आणि आपल्याकडे ते जवळजवळ कुणाला माहीतच नाही. एप्रिल २०१४, मोंटाना राज्यातलं मिझुला. हँबर्गहून आलेला सतरा वर्षांचा डिरेन डेडे हाही आदानप्रदानाचाच विद्यार्थी. वर्ष संपत आलं होतं, त्याला परतीचे वेध लागले होते. मध्यरात्रीनंतर तो एका घराच्या उघड्या गॅरेजमध्ये शिरला. तिथली पोरं अशी गॅरेजं धुंडाळून फ्रिजमधली पेयं उचलायची, तसलाच हा खोडसाळपणा. घरमालकाने अंधारात शॉटगनच्या चार गोळ्या झाडल्या. डेडे वाचला नाही.

हात्तोरी दाराबाहेर होता, डेडे आत होता. हात्तोरीने रीतसर बेल वाजवली होती, डेडे न विचारता शिरला होता. हात्तोरीचा काडीचाही अपराध नव्हता, डेडेचा थोडाफार होता. दोन्ही राज्यांत घराच्या रक्षणासाठी शस्त्र वापरायला कायद्याची मुभा होती. कुणालाही वाटेल की दुसरा माणूस तर नक्कीच सुटला असणार. झालं उलटं. डिसेंबर २०१४ मध्ये ज्यूरीने त्याला खुनाचा दोषी ठरवलं आणि पुढच्या फेब्रुवारीत सत्तर वर्षांची शिक्षा झाली.

का झाली? कारण मिझुलाच्या न्यायालयात प्रश्न गोळी झाडणाऱ्याला विचारले गेले. त्याच्याकडे आधी चोरी झाली होती, तो चिडलेला होता, हे सगळं मान्य. पण गॅरेजचं दार मुद्दाम उघडं का ठेवलं होतं? दिसेल अशा जागी पर्स का ठेवली होती? आत कुणी हललं की कळावं म्हणून सेन्सर का बसवले होते? काही दिवस आधी केस कापायला गेला असताना, रात्री जागून एखाद्या पोराला गोळी घालणार आहे, असं तो का बोलला होता? सलूनमधल्या मुलींनी येऊन तशी साक्ष दिली. मुलगा आत शिरला होता हे कुणी नाकारलं नाही. पण तेवढ्यावर तपास थांबला नाही. दाराच्या आतल्या बाजूचा माणूस काय करत होता, इथपर्यंत तो पोहोचला.

तसं तर बॅटन रूजलाही हे एकदा घडलं. सप्टेंबर १९९४ मध्ये हात्तोरींच्या आईवडिलांच्या दिवाणी दाव्यात न्यायाधीशांनी त्याच माणसाला जबाबदार धरलं, गोळी झाडण्याची काहीही गरज नव्हती असा निष्कर्ष काढला आणि साडेसहा लाख डॉलरची भरपाई ठरवली. घटना तीच, घर तेच, मुलगा तोच. निकाल बदलला, कारण या वेळी मुलाच्या चालण्यापलीकडे जाऊन घरमालकाच्या वागण्याकडे पाहिलं गेलं.

आणि इंग्रजीचं म्हणाल तर २०२३ च्या एप्रिलमध्ये कॅन्सस सिटीत सोळा वर्षांचा मुलगा धाकट्या भावांना आणायला म्हणून चुकीच्या घरी गेला. रस्त्यांची नावं सारखी होती. त्याने बेल वाजवली आणि आतून काचेच्या दारातून त्याच्या डोक्यात गोळी मारली गेली. तो वाचला ही देवाची कृपा. तो अमेरिकेतलाच, अस्खलित इंग्रजी बोलणारा कृष्णवर्णीय मुलगा होता. त्याला कुठला शब्द शिकवायचा राहिला होता?

सभेत हे सगळं माझ्या मनात घोळत होतं, पण बोलली ती कराडहून आलेली एक आई. तिने हात वर केला आणि सरळ विचारलं, “सर, आमच्या पोरीला तुम्ही एवढं शिकवताय. तिकडच्या घरवाल्यांना काय शिकवतात?” गृहस्थ चांगले होते, त्यांनी टाळलं नाही. यजमान घरातल्या मोठ्या माणसांची पोलिसांच्या नोंदींतून तपासणी होते, कुणीतरी घर पाहून येतं, स्थानिक समन्वयक मुलांशी संपर्कात असतो, असं त्यांनी सांगितलं. ते खरंच आहे. पण हात्तोरीचे यजमान प्रेमळ आणि सज्जन होते. गोळी त्यांच्या घरातून आली नव्हती. ज्या घरी मुलगा चुकून जाईल त्या घराचं काय, हा त्या आईचा प्रश्न होता आणि त्यावर खोलीत शांतता पसरली.

इथे मला माझं जुनंच म्हणणं पुन्हा मांडावंसं वाटतं, वाचकांनी कंटाळा करू नये. आपल्याकडे दार वाजलं की आतून ‘कोण?’ अशी हाक यायची. वाड्यात, चाळीत, गावाकडे, सगळीकडे. त्या एका शब्दात भीतीही होती आणि स्वागतही, आणि बाहेरच्याला आपलं नाव सांगायला जागा होती. आता सेफ्टी डोअर, भिंगाचं भोक, दाराबाहेरचा कॅमेरा. आतला माणूस बाहेरच्याला पाहतो, पण विचारत नाही. माझ्या सोसायटीत कुरियरवाल्याने चुकीच्या मजल्यावर बेल वाजवली म्हणून त्याच्यावर ओरडताना मी शेजाऱ्यांना ऐकलं आहे. आपल्याकडे बंदुका नाहीत, म्हणून ते ओरडण्यावर थांबतं. बॅटन रूजपासून आपण फार लांब आहोत असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

एएफएस ही हात्तोरीला पाठवणारी संस्था पहिल्या महायुद्धात जखमींना रुग्णवाहिकेतून नेणाऱ्या स्वयंसेवकांतून उभी राहिली. १९४७ पासून ती शाळकरी मुलांना परक्या घरांत राहायला पाठवते. परक्याच्या घरात वर्षभर जेवलेलं मूल त्याच्याशी लढायला जाणार नाही, हा त्यामागचा विश्वास. माझाही त्यावर पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच मुलांना पाठवू नका असं मी कधी लिहिलेलं नाही. हात्तोरींच्या आईवडिलांनीही तसं म्हटलं नाही. अमेरिकेतल्या घराघरांतून बंदुका काढून घ्या, या मागणीसाठी त्यांनी जपानमध्ये सतरा लाखांहून जास्त सह्या जमवल्या आणि नोव्हेंबर १९९३ मध्ये ते राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांना भेटले. त्याच महिन्याच्या शेवटी बंदूक विकत घेणाऱ्याची पार्श्वभूमी तपासणाऱ्या ब्रॅडी कायद्यावर क्लिंटन यांची सही झाली. आणि मुलाच्या नावाने त्यांनी निधी उभारला तो कशासाठी? अमेरिकेतल्या शाळकरी मुलांना जपानमध्ये वर्षभर राहायला बोलावण्यासाठी. पोटचा मुलगा ज्या देशात मारला गेला, त्याच देशातल्या मुलांसाठी त्यांनी आपल्याकडचं दार उघडं ठेवलं.

सभेच्या आयोजकांना मी पत्र लिहिलं आहे. टाचणाला पाचवं पान जोडा आणि ते इंग्रजीत करून यजमानांना पाठवा, अशी विनंती केली आहे. मूल आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याला हाताशी धरून आळीतली दहा-वीस घरं फिरवा, हे आमच्याकडे राहायला आलंय असं सांगा. पार्टीला पाठवाल तेव्हा आधी त्या घरी फोन करा आणि शक्य असेल तर दारापर्यंत सोडा. आजूबाजूला कुणाकडे बंदूक आहे, कोण चोरीने धास्तावलेलं आहे, हे तुम्हाला माहीत असतं, मुलाला नसतं. ते त्याला सांगा.

उत्तर अजून आलेलं नाही. कराडच्या बाईंनी माझा नंबर घेतला होता, काल त्यांचा फोन आला. यजमानांना पहिलं पत्र लिहायला मुलगी बसली आहे, त्यात शेजाऱ्यांविषयी विचारलं तर उद्धटपणा दिसेल का, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, अजिबात नाही, पहिल्याच परिच्छेदात विचारू दे.