विश्लेषण : किल्ले जागतिक वारसा यादीत, पण त्यांचा दगड घडवणारे पाथरवट कुठे तयार होणार?

मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या १२ किल्ल्यांचा जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी रायगड, राजगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्यासह ११ किल्ले महाराष्ट्रात आहेत, तर जिंजी तमिळनाडूत. मानांकनाबरोबर जतनाची जबाबदारीही वाढली आहे. ढासळलेली तटबंदी पुन्हा उभी करायला निधी लागतो, तसाच दगड घडवणारा पाथरवटही लागतो. तो शिकून तयार कसा होतो आणि सध्याच्या योजनांत त्याला जागा आहे का?

हे काम शिकायला वेळ का लागतो?

सह्याद्रीतला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, अतिशय कठीण असतो. घाव चुकला की कड उडते आणि अख्खा दगड वाया जातो. त्यामुळे नवशिक्याला आधी दगड ओळखावा लागतो. हातोडी मारल्यावर खणखणीत आवाज आला तर दगड निकोप. बद्द आवाज आला तर आत चीर असण्याची शक्यता. मग छिन्नीला धार लावणे, एक बाजू सपाट करणे, गुण्या लावून कोपरे काटकोनात आणणे आणि शेवटी ओळंब्यात बांधणी, असा क्रम असतो. हे पुस्तकातून येत नाही. जाणत्या कारागिराशेजारी बसूनच हात तयार होतो. वडार, पाथरवट, बेलदार समाजांत ही विद्या घरातच एका पिढीकडून दुसरीकडे जात आली. यंत्राने कापलेला दगड आणि काँक्रीट आल्यावर हाताने दगड घडवण्याची मागणी घटली आणि ही साखळीही सैल झाली.

सिमेंट वापरून काम भागणार नाही का?

जुन्या भिंतींचे सांधे चुन्याचे असतात. चुना सच्छिद्र असल्याने भिंतीत मुरलेली ओल त्यातून बाहेर पडते. भिंत किंचित हलली तरी तो ते सामावून घेतो. सिमेंट कडक असते. ते ओल आत कोंडते आणि पुढे भिंतीला फुगवटा येऊ शकतो. म्हणून चुनखडी भाजणे, चुना विझवणे, मुरवणे आणि घाणीत मळणे, हेही शिकावे लागते.

सरकारी योजना काय देतात?

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम विश्वकर्मा’ योजनेतील १८ व्यवसायांत दगड कोरणारे, दगड फोडणारे आणि गवंडी आहेत. मूलभूत प्रशिक्षण ५ ते ७ दिवसांचे, तर प्रगत प्रशिक्षण १५ दिवस किंवा अधिक असते. या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, शिवाय अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळते. मात्र ही योजना आधीपासून त्या व्यवसायात असलेल्यांसाठी आहे, तीही कुटुंबातील एकाच सदस्यासाठी. कामात मुरलेल्या कारागिराला तिचा उपयोग होतो. शून्यापासून शिकू पाहणाऱ्या तरुणासाठी ती आखलेलीच नाही.

दुसरी वाट शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ ची. त्यानुसार ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. ४ ते २९ कामगार असतील तर ते ऐच्छिक. दगडकाम सहसा चार-पाच जणांच्या टोळ्या करतात. त्यामुळे ज्यांच्या हातात विद्या आहे, त्यांच्यावर ती देण्याचे बंधन नाही आणि शिकवण्यात मोडलेल्या वेळेचा मोबदलाही नाही.

इतर देशांत काय व्यवस्था आहे?

जर्मनीत पाथरवटाचे शिक्षण तीन वर्षांचे असते. शिकाऊ उमेदवार पगार घेत कार्यशाळेत काम करतो आणि सोबत व्यावसायिक शाळेतही जातो. युरोपातील काही कॅथेड्रलना स्वतःच्या कायमस्वरूपी कार्यशाळा आहेत. नॉर्वेतील निदारोस कॅथेड्रलची कार्यशाळा १८६९ पासून चालू आहे. या पद्धतीची युनेस्कोने २०२० मध्ये वारसा जतनाचे चांगले उदाहरण म्हणून नोंद घेतली. काम अखंड चालते, म्हणून शिकणाऱ्याची रोजी बुडत नाही आणि कारागीर पांगत नाहीत.

येथे काय करता येईल?

यादीतील १२ किल्ल्यांपैकी ८ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. उरलेले ४ राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. दुरुस्तीचे काम निविदेतून दिले जाते, तेव्हा त्या निविदेतच ठरावीक संख्येने शिकाऊ उमेदवार, त्यांचे विद्यावेतन आणि शिकवणाऱ्या कारागिराचे मानधन यांची तरतूद करता येईल. जवळच्या दोन-तीन किल्ल्यांसाठी एक कायम कार्यशाळा हा त्यापुढचा टप्पा. दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊ शकतात. म्हणून पाणी मारून काम, चांगले मास्क आणि नियमित तपासणी यांचा खर्चही त्यातच धरावा लागेल. फुप्फुसे गमावून शिकावी लागणारी कला कोणताही बाप मुलाच्या हाती देणार नाही.

तटबंदीची पडझड दरवर्षीच्या पावसाळ्यात होत राहील. पाथरवटाचा हात तयार व्हायला मात्र अनेक वर्षे लागतात. आज शिकणारे नसतील, तर आणखी दहा वर्षांनी निधी असूनही निविदा भरायला जाणता माणूस मिळणार नाही.