बोट स्वस्त मिळतेय, पण ती डेकवरून येणार आहे ना?

मालवण, तारकर्ली, अलिबागकडे वॉटर स्पोर्ट्स सुरू करायचंय, दुबईत बोट स्वस्त मिळतेय, मागवू का, असं विचारणारे बरेच भेटतात. माझं मत स्पष्ट आहे. किमतीची घासाघीस नंतर करा, आधी कागद बघा.

मोठी बोट कंटेनरमध्ये मावत नाही, म्हणून ती जहाजाच्या डेकवर बांधून आणतात. कस्टम्स कायदा १९६२ नुसार ती 'माल'च आहे. आयईसी लागतो, बिल ऑफ एंट्री जहाज पोचण्याच्या आदल्या दिवसापर्यंत भरायची. ड्युटी लागते ती बोट, भाडं आणि विमा मिळून होणाऱ्या किमतीवर. भाड्याचा आकडा दाखवता आला नाही तर एफओबी किमतीच्या २० टक्के भाडं धरतात! मग ड्युटीसकट रकमेवर आयजीएसटी. शीर्षक ८९०३ मधल्या हौसेच्या आणि खेळाच्या बोटींना २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. "प्रवासी बोट दाखवू, ५ टक्क्यांत काम होईल" म्हणणारा एजंट भेटला तर सरळ उठून या. बोट कशासाठी बांधलीय ते अधिकारी बघतात, आणि आयातदार म्हणून नाव तुमचं असतं.

आता खरी गंमत. बिल ऑफ लेडिंगवर 'ऑन डेक' लिहिलंय आणि बोट खरंच डेकवर आहे, तर सागरी मालवाहतुकीच्या कायद्यात ती 'माल' धरलीच जात नाही. जहाज कंपनीवर कायद्याने टाकलेली जबाबदारी तिला लागू होत नाही, करारात लिहिलंय तेवढंच. आणि तिथे बहुधा लिहिलेलं असतं की जोखीम माल पाठवणाऱ्याची. ड्युटी घेताना माल, भरपाई मागताना नाही!

म्हणून विम्यात काटकसर नको. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेसमधला 'सी' स्वस्त पडतो, पण लाटेने बोट डेकवरून वाहून गेली तर त्यात पैसे मिळत नाहीत. 'ए' मागा, आणि बोट डेकवरून येतेय हे पॉलिसीवर लिहून घ्या. एवढा खर्च झेपत नसेल, घरचं सोनं गहाण पडणार असेल, तर माझा विरोध आहे. पहिला हंगाम इथलीच बोट भाड्याने घेऊन चालवा.

आणि हो, जुनी बोट असेल तर डीजीएफटीचं आयात धोरण सौद्याआधीच तपासा. बोट ज्या लाकडी आधारावर बसवून पाठवतात, त्या लाकडावर आयएसपीएम १५ चा शिक्का आहे का, याचा फोटो विक्रेत्याकडून बोट निघायच्या आधी मागवून घ्या.